दगडाखालची साक्ष

१

दर वर्षी मार्चमध्ये, बर्फ वितळून वावरांत चिखल झाला की हिंटरबुखची शीव तपासायला सातजण पायी निघतात. गाव म्हणायचं ते आपलं मन राखायला. चार-दोन धुरांडी, एक तळं, एक छोटं चॅपल. रस्ता डोंगरावरून उतरून येतो आणि वाल्बुर्गाच्या फाटकापाशी संपतो, कारण त्यापुढे जायला काही नाहीच. तिच्या घरामागे गोठा, गोठ्यामागे सफरचंदांची बाग, बागेखाली गवताची पडीक उतरण आणि मग जंगल. त्या उतरणीला सगळे ‘ओसाडी’ म्हणतात. तिथे फार पूर्वी एक वाडी होती. लढाईत गेली की साथीत, हे कुणाला सांगता येत नाही आणि तिचं नावही उरलेलं नाही. हिंटरबुखच्या लोकांना त्याचं सोयरसुतक नाही. तिथलं गवत गाईंना आवडतं, एवढंच ते सांगतील.

सातांचा हुद्दा मरेपर्यंतचा असतो. नांगराने शिवेचा दगड उपटला, पुराने वाहून नेला, तर तो परत कुठे रोवायचा हे तेच ठरवतात. प्रत्येक दगडाखाली त्यांनी भाजक्या मातीच्या खुणा पुरलेल्या असतात. त्यांना ‘साक्ष’ म्हणतात. ती कशी मांडायची हे सातांनी आठव्याला सांगायचं नाही, नवऱ्याला नाही, बायकोला नाही, मरताना पाद्र्यालाही नाही. दगड कुणीही हलवू शकतो, पण साक्ष सातांशिवाय कुणाला मांडता येत नाही, म्हणून तिच्यावर सगळ्यांचा भरवसा. ती कशी असते ते इथे लिहायची हौस फार आहे, पण ते गावच्या लोकांनाच ठाऊक नाही तर आपल्याला कुठून असणार.

वाल्बुर्गाचे वडील सातांपैकी एक होते. ते गेले आणि त्यांच्या जागी तिने शपथ घेतली. गावात हे काम करणारी पहिली बाई. तिच्या नवऱ्याने, फाइटने, महिनाभर तिची थट्टा चालवली होती. “एवढी मोठी गोष्ट आणि तुझ्या पोटात राहणार?” तो म्हणायचा. “बुर्गी, तुझ्या पोटात काल केलेला केकसुद्धा राहत नाही.”

“तो तुझ्या पोटात जातो म्हणून,” ती म्हणायची.

त्या वर्षीच्या फेरीच्या दिवशी जंगलाकडची खरी शीव तपासून सातजण तिच्याच बागेतून परत वर चढत होते. बागेच्या खालच्या टोकाला गवतात एक दगड आडवा पडलेला दिसला. जुना, कडा झिजलेल्या. एका अंगावर हिंटरबुखची खूण, म्हणजे पान, कोरलेलं होतं, दुसऱ्या अंगावर तीन उभ्या रेघा.

“हा इथला नव्हे,” कुणीतरी म्हणालं.

“मग काय चालत आला?” दुसरा म्हणाला आणि सगळे हसले.

सातांचे प्रमुख किलियानकाका हसले नाहीत. सगळं आयुष्य त्यांनी या शिवेवर घालवलं होतं, पण गेल्या वर्षापासून त्यांना माणसांची नावं आठवेनाशी झाली होती. त्यांनी कुदळ मागितली आणि दगडाच्या मुळाशी खणलं. खाली साक्ष होती. सगळ्यांनी वाकून पाहिली. मांडणी चोख होती, पण जुनी, तडकलेली.

“साक्ष खरी आहे,” किलियानकाका म्हणाले. “मग दगड उभा करायचा. जुनी काढा, नवी घाला.”

“पण काका, शीव तिकडे जंगलाला लागून आहे. आत्ताच बघून आलो आपण,” वाल्बुर्गा म्हणाली.

“बघून आलो ना. तीही खरी, हीही खरी. साक्षीवरचा दगड आडवा ठेवून जायचं असतं का? तुझ्या बापाने ठेवला नसता.”

बापाचं नाव निघालं म्हणून ती पुढे झाली. सगळ्यात नवीन माणसाने साक्ष मांडायची असा रिवाज. बाकीचे सहाजण तिच्याभोवती गोल करून, तिच्याकडे पाठ करून उभे राहिले. बाहेरच्या कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून असं करतात. आसपास चिटपाखरू नव्हतं, तरी केलं. वरच्या अंगाला चिखल झाला होता, म्हणून ती खालच्या कोरड्या गवतावर गुडघे टेकून बसली आणि तिने साक्ष मांडली. एक तुकडा जरा तिरका बसला, तो तिने अंगठ्याने दाबला. किलियानकाकांनी मान वळवून एकदा तिच्याकडे पाहिलं. काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि मग, काय सांगायचं होतं ते विसरल्यासारखं, मिटलं.

२

एप्रिलच्या अखेरीला एके दिवशी वाल्बुर्गा स्वयंपाकघरात बटाट्याचे गोळे वळत होती. दुपारची घंटा झाली. चॅपलची घंटा समोरची आफ्रा ओढते, तिच्या आईपासून ते काम त्यांच्या घरात आहे. वाल्बुर्गाने नेहमीप्रमाणे पाणी उकळत ठेवायला हात पुढे केला आणि तो तसाच थांबला.

घंटा कोठीच्या खोलीतून येत होती.

चॅपल पश्चिमेला, रस्त्याच्या बाजूला. कोठी पूर्वेला, गोठ्याच्या बाजूला. तिने हात पुसले आणि कोठीचं दार उघडलं. आत अंधार, थंडावा, आंबवलेल्या कोबीचा वास. फळीवरच्या काचेच्या बरण्यांची झाकणं अगदी बारीक आवाजात गुणगुणत होती. तिने एका झाकणावर बोट ठेवलं, ते थांबलं. बोट उचललं, पुन्हा सुरू झालं. आणि मग घंटा थांबली तशी सगळी झाकणं एकदम गप्प झाली.

जेवताना तिने फाइटला विचारलं. त्याने गोळा रश्शात बुडवत खांदे उडवले.

“लाकडाच्या गिरणीची नवी भिंत उभी राहिलीय ना डोंगरावर. तिच्यावर आपटून येतो आवाज.”

“गिरणी उत्तरेला आहे.”

“मग उत्तरेकडून पूर्वेकडे गेला असेल. आवाजाला काय, पासपोर्ट लागतो?”

ती हसली. म्हणणं तसं पटण्यासारखं होतं. आवाज कुठून कुठे जाईल याचा नेम नसतो, हे तिलाही कळत होतं. पण त्यानंतर रोज दुपारी ती खिडकीपाशी जाऊन उभी राहायची आणि कान कोठीकडे लावायची.

त्याच आठवड्यात पावाची गाडी थांबली नाही. हिलमार बेकरीवाला वाडीवाडीतून गाडी फिरवतो आणि फाटकापुढे भोंगा वाजवतो. त्या दिवशी ती फाटकात उभी असताना गाडी आली, वळली आणि गेली. हिलमारने तिच्याकडे पाहिलंसुद्धा, असं तिला वाटलं. संध्याकाळी तिने त्याला फोन केला.

“अगं, मी आफ्राकडे थांबलो,” हिलमार म्हणाला. “मग वळलो. तुमचं घर... खरं सांगू, तुमचं घर कधी मागे पडलं ते कळलंच नाही बघ. म्हातारा होत चाललो मी.”

“तू माझ्यापेक्षा लहान आहेस, हिलमार.”

“तेच ना. आत्ताच ही गत.”

३

जुलैत दुसरा दगड उभा राहिला, गोठ्यामागे. तो रोवला कुणी हे कुणी पाहिलं नव्हतं. फाइट म्हणाला, असेल पूर्वीपासून, गवत वाढलं की दिसत नाही, कापलं की दिसतं. त्या जागेचं गवत वाल्बुर्गाने स्वतः लहानपणापासून कापलं होतं.

फाइट सायकलवरून बाजाराला गेल्यावर तिने कुदळ घेतली. सातांपैकी एकाला, एकट्याने, दगडाखाली बघायला मनाई नाही. हलवायला आहे, रोवायलाही आहे. त्याला सातजण लागतात. तिने बाजूने खणून आत हात घातला, माती झाडली आणि साक्ष पाहिली.

साक्ष खरी होती. आणि एक तुकडा तिरका होता. त्याच जागी, त्याच बाजूला, आणि त्यावर अंगठा दाबल्याची खूण होती. वाल्बुर्गाने आपला अंगठा त्यावर ठेवून पाहिला नाही. ठेवायची गरजच नव्हती.

तिच्या मनात पाल चुकचुकली ती किलियानकाकांविषयी. त्यांनीच तिला शिकवलं होतं. म्हातारं माणूस, डोकं ठिकाणावर नाही, हातांना मात्र सगळं आठवतंय. कधी पहाटे बाहेर पडत असतील आणि दगड रोवत असतील. कुणाला कळलं तर गावाची शोभा होईल. अंगात एवढी ताकद कुठून आणतात हा प्रश्न तिने बाजूला ठेवला. तसल्या वेळी आपण सगळेच ठेवतो.

किलियानकाका अंगणात बसून बटाटे सोलत होते. तिने आडवळणाने विचारलं. त्यांनी सोलणं थांबवलं नाही.

“तिरका तुकडा? तिरका मी मांडत नाही. ती तुझी खोड आहे. मी तुला तेव्हाच सांगणार होतो.”

“मी एकच दगड रोवलाय, काका. तोही तुम्ही सांगितलात म्हणून.”

“हो. उभा करायलाच हवा होता. त्यात चूक नाही.” त्यांनी बटाटा पाण्यात टाकला. “बसलीस कुठे तू?”

“म्हणजे?”

“साक्ष मांडताना. कुठल्या अंगाला बसलीस?”

तिला आठवलं. चिखल आठवला, कोरडं गवत आठवलं. तिने सांगितलं.

किलियानकाकांचे हात थांबले. साक्ष मांडणारा नेहमी आपल्या गावाच्या अंगाला बसतो. हे शिकवावं लागत नाही, लहानपणापासून बघून अंगात मुरलेलं असतं, म्हणून कुणी शिकवतही नाही. पलीकडच्या अंगाला बसून मांडतो तो पलीकडच्या गावचा. शेजारच्या गावाशी शीव लागते तेव्हा त्यांचेही सातजण येतात, तेही मांडतात, पण आपल्या बाजूने.

“पलीकडे गावच नाही,” वाल्बुर्गा म्हणाली. “ओसाडी आहे नुसती.”

“त्या वाडीत शेवटी सहाजणच उरले होते,” किलियानकाका म्हणाले. “माझा आजा सांगायचा. सहा जणांना काही करता येत नाही. बसून राहावं लागतं.” मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. डोळे परत रिकामे झाले होते. “पोरी, तू कुणाची गं?”

दुसऱ्या दिवशी ते पायरीवरून पडले आणि त्यांना गाडीत घालून जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. ते तिथे पलंगाला खिळून असताना तिसरा दगड उभा राहिला, मागल्या दारी, पाण्याच्या पंपाजवळ. त्यानंतर वाल्बुर्गाला म्हाताऱ्यावर संशय घेता येईना आणि याचं तिला फार वाईट वाटलं. बाकीच्या पाचांना तिने गाठून पाहिलं. खाली साक्ष आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. आहे म्हटल्यावर त्यांनी हात वर केले. साक्षीवरच्या दगडाला हात लावायचा नाही, अशी शपथ तिनेही घेतलीच होती की.

४

ऑक्टोबरात तिने ठरवलं की एकदा काय ते पाहायचंच. दुपारच्या आधी ती आफ्राकडे गेली. आफ्रा चॅपलच्या दारात किल्ली लावत होती.

“आज काय, देव आठवला?” आफ्रा म्हणाली. “इतक्या वर्षांत घंटेला कधी आली नाहीस.”

“आवाज कुठून येतो ते बघायचंय.”

“कुठून म्हणजे? इथून येतो. हे बघ, हा दोर, वर ती घंटा. मी ओढते आणि माझे खांदे दुखतात. आणखी काय पाहिजे तुला?”

वाल्बुर्गाने खिशातून फोन काढला आणि घरी लावला. फाइटने उचलला.

“फाइट, स्वयंपाकघरात आहेस ना? कोठीचं दार उघडून उभा राहा. आफ्रा आता घंटा ओढेल. आवाज कुठल्या बाजूने येतो ते सांग.”

“बायको घंटेमागे लागली, देवा.” त्याच्या पावलांचा आवाज आला, दाराची कडी वाजली. “हं, उभा आहे. सॉसेज कुठे लपवून ठेवतेस तेही कळलं मला.”

आफ्राने तळहातांवर फुंकर मारली. दोर हातात घेतला. मग तिला शिंक आली, म्हणून तिने दोर सोडला आणि ॲप्रनच्या खिशात रुमाल शोधायला लागली.

“वाजतेय,” फाइट म्हणाला.

वाल्बुर्गाने वर पाहिलं. घंटा जागच्या जागी होती. दोर भिंतीला लागून सरळ लोंबत होता, त्याचं टोकही हलत नव्हतं.

“काय वाजतंय?”

“घंटा. केव्हाची वाजतेय. तूच म्हणालीस ना ऐक म्हणून?” फोनमध्ये तिलाही ती ऐकू आली. आफ्राच्या घंटेहून जराशी जड, संथ. “कोठीच्या बाजूने येतेय. बरोबर आहे की मग. घंटा तिकडेच आहे.”

“कुठे?”

“खाली. गावात.” त्याचा आवाज अगदी साधा होता. “झालं का तुझं? रस्सा करपेल.”

आफ्राने नाक पुसलं, दोर धरला आणि ओढला. वाल्बुर्गाच्या डोक्यावर हिंटरबुखची घंटा वाजली. फोन तिने कानाला तसाच धरून ठेवला होता. त्या फोनमधून मात्र ही घंटा ऐकू येत नव्हती.

५

खरं तर इथे कुणीही हादरून दुसऱ्या गावी निघून गेलं असतं. वाल्बुर्गानेही तसं सुचवून पाहिलं. तिची मावशी नदीकाठच्या शहरात राहते, तिच्याकडे नाताळपर्यंत राहू, असं ती म्हणाली. फाइट हसला.

“गाई कोण बघणार? आणि जायचं कशाला? उलट आता कुठे बरं वाटायला लागलंय इथे.”

आणि त्याला खरंच बरं वाटत होतं, हेच तिला सहन होईना. वर्षानुवर्षं तो थट्टा करत, कुरकुर करत जगलेला माणूस. आता तो सकाळी मागल्या दाराने बाहेर पडायचा, पंपाजवळच्या दगडाच्या पलीकडे उतरून जायचा आणि जेवायला परत यायचा. कुठे गेला होतास विचारलं की म्हणायचा, खाली. कोण भेटलं विचारलं की म्हणायचा, नेहमीचेच. त्याच्या बुटांना पिठासारखी पांढरी, कोरडी माती लागलेली असायची. ओसाडीत तर दिवसभर दव. थट्टा तो आता करत नसे. तिच्याशी फार नीट बोलायचा. “मीठ दे, वाल्बुर्गा,” म्हणायचा. लग्नाआधीपासून त्याने तिला बुर्गीशिवाय दुसरी हाक मारली नव्हती.

नोव्हेंबर लागला तेव्हा आफ्रा केक घेऊन आली. फाटकातूनच तिने तो पुढे केला, आत यायला मात्र तयार होईना.

“उशीर होतोय मला,” ती म्हणाली. तिची नजर घराच्या भिंतीवरून घसरत होती, कुठे ठरत नव्हती. “तुला झेपतं का गं एवढं घर एकटीला?”

“एकटीला कुठे? फाइट आहे की.”

आफ्राने कपाळाला आठ्या घातल्या. एखाद्या दूरच्या ओळखीच्या माणसाचं नाव आठवावं तशी.

“फाइट,” ती म्हणाली. “हो, हो. तो खालचा.”

“खालचा नाही, आफ्रा. माझा नवरा. तुझ्या भावाबरोबर शाळेत होता. तुझ्या लग्नात बॅगपाइप का काय ते वाजवत होता आणि तळ्यात पडला.”

“असेल,” आफ्रा समजुतीच्या सुरात म्हणाली. तिने वाल्बुर्गाच्या दंडावर थोपटलं. “त्यांच्याकडची माणसं चांगली असतात. आपलं काही म्हणणं नाही.”

वाल्बुर्गा केक घेऊन स्वयंपाकघरात आली. फाइट टेबलाशी बसून पुढ्यातल्या काट्याचमच्यांकडे पाहत होता. ते कुणाचे असावेत असा विचार करत असावा. तिने केक कापला, त्याच्या ताटात घातला आणि त्याच्या शेजारी बसून रडली. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. एखादी परकी बाई रडली तर भला माणूस ठेवतो तसा ठेवला.

त्या दिवशी तिला भीती वाटेनाशी झाली. तो जाईल हे नक्की होतं. कधी जाईल, एवढंच उरलं होतं. आणि तिला एवढंच कळत होतं की तो जायला नको.

६

धुकं सकाळपासून उतरलं होतं. दुपार झाली तरी रस्त्याच्या पलीकडचं आफ्राचं घर दिसत नव्हतं. वाल्बुर्गा चुलीसाठी लाकडं आणायला बाहेर आली आणि तिला फाटकापाशी नवा दगड दिसला.

हा उभा नव्हता. आडवा होता. फाटकाच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला खड्डा खणून ठेवलेला होता, माती एका बाजूला नीट रचलेली. हा दगड तिथे उभा राहिला की शीव घराच्या पुढून जाणार होती. घर, गोठा, बाग, फाइट, सगळं पलीकडे.

खड्ड्याभोवती माणसं उभी होती. गोल करून, पाठ करून. अंगात लांब कोट, डोक्यावर रुंद काठाच्या हॅट, हातात कुदळी. सगळ्यात आधी तिला वाटलं, आपलेच आहेत, इस्पितळातून किलियानकाका आले, सगळे आले. मग तिने मोजलं. सहा होते. दोघांच्या मधे एका माणसाची जागा मोकळी सोडली होती.

धुक्यात कोटांच्या कडा नीट दिसत नव्हत्या. कुणी हलत नव्हतं. कुणाचा श्वास दिसत नव्हता, आणि तिचा स्वतःचा तर तोंडापुढे ढगासारखा जमत होता. तिच्या डोक्याने अजून एकदा प्रयत्न केला. झाडं असतील, कुणी कुंपणाचे खांब आणून टाकले असतील. इतक्यात एका खांबाने कुदळ या हातातून त्या हातात घेतली.

वाल्बुर्गाने लाकडं खाली ठेवली. तिला उमगलं ते अगदी साधं होतं. दगड एकट्याने रोवता येत नाही आणि एकट्याने हलवताही येत नाही. सात लागतात. तिच्या गावचे पाच आपापल्या घरी बसले होते, सहावा इस्पितळात होता आणि कुणी येणार नव्हतं. हे सहा इथे होते.

“इथे नाही,” ती म्हणाली. मग बागेकडे बोट करून तिने परत म्हटलं. “इथे नाही. खाली, बागेच्या टोकाला, पहिला दगड आहे त्याच्या रांगेत. घर इकडे राहील, गोठा, पंप, सगळं इकडे. मी मांडून देते.”

त्यांच्यातले दोघे वाकले आणि त्यांनी दगड उचलला.

ते घराला वळसा घालून गेले. ती मागोमाग गेली. स्वयंपाकघराच्या खिडकीत फाइट पाठमोरा बसलेला तिला दिसला, पण तिने हाक मारली नाही. पंपाजवळ ते थांबले आणि तिथला दगड उपटून घेतला. गोठ्यामागचाही घेतला. कुदळी मातीत शिरत होत्या, त्यांचा आवाज मात्र जरा उशिरा येत होता, खालून, जंगलाकडून. बागेच्या टोकाला पोचल्यावर त्यांनी खड्डा खणला, तिच्याभोवती गोल केला आणि पाठ केली. मोकळी जागा तिच्यामागे राहिली.

वरच्या अंगाला बसून तिने मांडली असती तर ते निघून गेले असते, हे तिला ठाऊक होतं. आणि उद्या परत फाटकाशी आले असते. हिंटरबुखच्या अंगाने मांडायलाही सात लागतात आणि त्या बाजूला ती एकटीच होती.

ती खालच्या अंगाला गेली आणि गुडघे टेकले. उजवीकडच्या माणसाने मागे न बघता हात मागे केला. तळहातावर साक्षीचे तुकडे होते, भट्टीतून नुकतेच काढल्यासारखे गरम. तिने ते मांडले. एक तिरका बसला. तो तिने या वेळी नीट सरळ केला, अंगठा न दाबता, कारण हा दगड कायमचा बसायला हवा होता. मग माती लोटली. दगड उभा केला. पान वर, घराकडे. रेघा आपल्याकडे.

ती उभी राहिली तेव्हा त्यातला एक वळला. हॅटखाली चेहरा होता. कसा होता ते पुढे तिला कधी सांगता आलं नसतं, आणि विचारणारं कुणी उरलंही नव्हतं. तो भयंकर नव्हता. रोज सकाळी तळ्यावर भेटणाऱ्या माणसाने करावी तशी त्याने नुसती मान हलवली.

७

धुकं विरळ झालं. वर रस्त्यावर भोंगा वाजला, फाटकापुढे. हिलमारची गाडी थांबली होती. आफ्राचा आवाज आला, “फाइट, अरे मेल्या, किती वेळ भोंगा वाजवायचा त्याने? पाव घे की तुझा.” फाइटचं उत्तर आलं, काहीतरी थट्टेचं, आणि तिघेही हसले. तो आपल्या माणसांत होता. सगळे त्याला नावाने ओळखत होते. वाल्बुर्गाने दगडावरून वर जायला पाऊल उचललं.

पाऊल परत तिथेच पडलं. तिने पुन्हा उचललं. तेही दगडाच्या खालच्याच अंगाला पडलं.

थोड्या वेळाने फाइट काखेत पाव घेऊन बागेत आला. उशिरा पडलेली सफरचंदं गोळा करत करत तो खाली उतरला, दगडापाशी आला आणि मान वर करून त्याने तिला पाहिलं.

“फाइट,” ती म्हणाली.

त्याने टोपी काढली. शेजारच्या गावचं माणूस शिवेवर भेटलं की काढतात तशी. चेहरा हसरा होता, डोळ्यांत जुनी मिश्किली परत आली होती. तो तिच्याकडे चांगला न्याहाळून पाहत होता आणि त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

“नमस्कार, बाई,” तो म्हणाला. “धुकं आज उशिरा हटलं, नाही? तुमच्याकडे बटाटे काढून झाले का?”

तिला पुष्कळ बोलायचं होतं. सॉसेज कोठीत वरच्या फळीवर आहे, निळ्या भांड्यामागे. काळी गाय दूध चोरते, तिला शेवटी पिळायची. थंडीत लोकरीचे मोजे घाल, तुझे पाय सुजतात. पण परक्या बाईने परक्या माणसाला असलं काय सांगायचं? तिने कोटाच्या बाहीने नाक पुसलं.

“झाले,” ती म्हणाली. “तुमचे?”

“आमचं काय, एकटा जीव. हवं तेव्हा काढतो.” त्याने एक सफरचंद कोटाला पुसून दगडावरून पुढे केलं. तिने ते घेतलं. तिच्या बोटांना त्याची बोटं लागली आणि त्याने चटकन हात मागे घेतला. “गार पडलेत हो तुमचे हात. जा, घरी जाऊन शेका.”

खाली, तिच्या पाठीमागे, जेवणाची घंटा वाजायला लागली. जवळ आणि स्पष्ट. फाइटला ती ऐकू आली नाही. त्याने टोपी डोक्यावर घातली, पाव दुसऱ्या काखेत घेतला आणि वळता वळता हात वर केला.

“घरच्या सगळ्यांना नमस्कार सांगा,” तो म्हणाला.

“सांगते,” वाल्बुर्गा म्हणाली.